आठ महिने ऑनलाइन ब्लिट्झ: समोरचा मुद्दाम हरतो तेव्हा

आठ महिने ऑनलाइन बुद्धिबळाचे रोज तीन-चार डाव खेळतेय, बहुतेक ब्लिट्झ, म्हणजे प्रत्येकाला ५ मिनिटांचे. ॲप उत्तम चालतं, प्रतिस्पर्धी काही सेकंदांत मिळतो आणि डावानंतरच्या विश्लेषणातून मी खरंच शिकले. याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते मुद्दाम हरणाऱ्यांबद्दल.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. माझं रेटिंग, म्हणजे निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा, १३२०; समोरच्याचं १३०५. मी काळी मोहरी घेऊन खेळत होते. बाराव्या चालीपर्यंत माझा एक उंट गेला होता, राजा मधोमध अडकलेला, कॅसलिंगची (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची) सोय उरली नव्हती. इतकं नेमकं खेळणारा माणूस १३०५चा कसा, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. विसाव्या चालीला त्याने वजीर उचलला आणि माझ्या प्याद्याच्या तोंडी दिला. त्याच्या घड्याळात साडेतीन मिनिटं शिल्लक होती. मला वाटलं, सापळा आहे. चाळीस सेकंद पट न्याहाळत बसले. सापळा नव्हताच. वजीर घेतला, आणि पुढच्याच क्षणी त्याने डाव सोडला. मला रेटिंगचे ८ गुण मिळाले.

मग त्याचं प्रोफाइल उघडलं. आदल्या रात्री ओळीने सतरा डाव हरलेला, तेही चार-पाच चालींत. त्याच्या महिनाभर आधी तो १६५०च्या घरात होता. दोन दिवसांनी १४००च्या आतल्यांच्या स्पर्धेत त्याचं नाव सर्वांत वर दिसलं.

असं मुद्दाम हरून रेटिंग खाली आणण्याला सँडबॅगिंग म्हणतात. बक्षीस किंवा ट्रॉफी हे सरळ कारण. पण सगळे त्यासाठीच करतात असं नाही. ओळखीतला एक मुलगा दर काही आठवड्यांनी शंभर-दीडशे गुण घालवतो, कारण पुन्हा चढताना आलेख छान दिसतो, असं त्यानेच मला सांगितलं. काहींना दुबळ्यांना हरवण्यातच मजा येते. काही जण लागोपाठ हरल्यावर चिडून उरलेले डावही फेकून देतात. आणि काहींना नव्या उंचीवर पोहोचलं की तिथे टिकायची धास्ती वाटते, ते स्वतःच खाली येतात. या शेवटच्यांवर मला रागावता येत नाही. १५००ला पहिल्यांदा पोहोचले तेव्हा चार दिवस मीही खेळले नव्हते.

प्रतिस्पर्ध्याचं बोट घसरून वजीर गेला म्हणून कुणी आपलाही देऊन टाकतो, ते वेगळं. तो दिलदारपणा आहे.

नुकसान कुठे होतं ते नीट सांगते. आर्पाद एलो यांची रेटिंग काढायची पद्धत फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, १९७०मध्ये स्वीकारली. ऑनलाइन चालणारी ग्लिको ही रेटिंग पद्धतही त्याच विचारावर उभी आहे. रेटिंगमध्ये ४००ने वरचा खेळाडू दहा डावांत साधारण नऊ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवेल, असा हिशेब असतो. पण हिशेबाला फक्त निकाल कळतो. १७००चा माणूस १३००ची पाटी लावून बसला की तुम्ही त्याच्याकडून दहात साधारण नऊदा मार खाता, आणि प्रत्येक हार बरोबरीच्या माणसाकडून झाल्यासारखी तुमच्या नावावर चढते. उलट, त्याने उतरताना वाटलेले गुण ज्यांना मिळाले, ते न कमावलेल्या उंचीवर जाऊन पुढचे आठवडाभर चोपले जातात. एका माणसाचे सतरा डाव म्हणजे सतरा जणांचा बिघडलेला आकडा.

उपाय आहेत. काही स्पर्धांत आजचं रेटिंग न धरता आठवड्यातलं सर्वोच्च रेटिंग धरतात. सगळीकडे हेच व्हावं. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेत समोरासमोरच्या खेळासाठी तळ ठरलेला असतो: सर्वोच्च रेटिंगमधून २०० वजा करून खालचं शतक धरायचं. म्हणजे १९४१ला पोहोचलेला खेळाडू सहसा १७००च्या खाली जाऊ शकत नाही. ऑनलाइन खेळात असा तळ हवा, असं माझं ठाम मत आहे.

मी काय बदललं? संशयास्पद प्रोफाइल दिसलं की रिपोर्ट करते, हयगय करत नाही. आठवड्यातले निम्मे डाव आता १५ मिनिटांचे खेळते. तिथे हा प्रकार मला कमी आढळला. आणि डाव चालू असताना दोघांचंही रेटिंग झाकून ठेवते, त्याने खूप फरक पडला.

तो डाव मात्र जपून ठेवलाय. विश्लेषणात दिसलं की वजीर दिला त्या चालीला त्याच्याकडे तीन चालींत मात होती. बाराव्या चालीची स्थिती मी अधूनमधून पटावर मांडते. तिथून काळ्याला वाचता येतं का, ते इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम) न लावता शोधतेय.