उन्हाळ्यात मजुरांची टोळी कधी बोलवावी: सकाळची एकच पाळी की सकाळ-संध्याकाळ?

मार्च अर्धा सरला की सोलापूर जिल्ह्यात दहा ते पाच ही नेहमीची वेळ सोडून द्यावी, याबद्दल दुमत नको. पारा चाळिशी ओलांडतो, आणि तो आकडाही सावलीतला असतो. खुरपणाऱ्या बाईच्या तोंडावर तापलेल्या मातीची झळ थेट येते, तिला त्याहून जास्त सोसावं लागतं. खरा प्रश्न उरतो तो दोन पर्यायांचा.

पहिला, सकाळी सहा ते साडेअकरा अशी एकच पाळी. एप्रिल-मेमध्ये सहाला चांगलं उजाडलेलं असतं आणि पहिले तीन तास काम सपाटून होतं. बारा ते चारचा सगळ्यात वाईट काळ पूर्ण टळतो. अडचण रानात नाही, घरात आहे. सहाला बांधावर यायचं तर बाईला चारला उठून भाकरी थापाव्या लागतात. पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, म्हणजे झोप जेमतेम चार तास. त्यात टँकरवरच्या गावात टँकर आला की घागरी घेऊन पळावं लागतं. मग ती नुसत्या चहावर येते आणि नऊच्या सुमारास तिला गरगरतं. म्हणून या पाळीत साडेआठला वीस-पंचवीस मिनिटांची न्याहारी ठरलेलीच हवी. भाकरी, शेंगाचटणी आणि मीठ घातलेलं ताक पोटात गेलं की घामातून गेलेलं मीठ बरंचसं भरून निघतं. एवढ्या वेळेसाठी ओआरएसची पाकिटं वाटायची सहसा गरज पडत नाही.

दुसरा, साडेसहा ते साडेदहा आणि पुन्हा साडेचार ते पावणेसात. कागदावर यात तास जास्त भरतात, म्हणून बागायतदारांना हा बरा वाटतो. पण चार-साडेचारला जमीन अजून तापलेलीच असते आणि अंग सकाळच्या कामानं शिणलेलं. मजूर गावातून पिकअपनं येत असतील तर दोनदा जाणं-येणं किंवा मधले सहा तास बांधावर काढणं, दोन्ही वाईट. टोळी त्याच वस्तीवरची असेल आणि दुपारी आडवं व्हायला झाड किंवा हवेशीर शेड असेल, तरच ही वेळ धरा. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत ते जमून जातं. उभ्या उसात मात्र संध्याकाळची पाळी लावू नका. आत वारा नसतो, दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही.

आमचा कौल सकाळच्या एकाच पाळीला, पण रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, पूर्ण दिला तरच. अर्धा रोज कापलात तर बाई दुपारी दुसऱ्याच्या रानात जाईल आणि वेळ बदलल्याचा काही उपयोग होणार नाही.

पाणी दोन्ही पाळ्यांना सारखंच लागतं: दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे ताशी पाऊण ते एक लिटर. दहा जणींना साडेपाच तासांसाठी चाळीस ते पंचावन्न लिटर. वीस लिटरचा एक जार आणून भागत नाही, तीन लागतात. बोअरचं पाणी मचूळ असेल तर तहान असूनही कोणी पोटभर पीत नाही, तेव्हा गोडं पाणी आणा. ताशी दीड लिटरच्या वर मात्र पाजू नये, रक्तातलं मीठ पातळ होतं.

एवढं करूनही जार भरलेलाच राहतो, कारण लघवीला जागा नसते. बायका सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत. मग जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पाठदुखीवर दुकानातली वेदनाशामक गोळी. अंगात पाणी कमी असताना घेतलेली ती गोळी मूत्रपिंडावर घाव घालते. चार बांबू आणि शेडनेटचा तुकडा लावून आडोसा करा, जार आपोआप रिकामा होईल.

नव्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण वेळेच्या पाचव्या हिश्शाएवढंच काम द्यावं, पुढे रोज तेवढंच वाढवावं. लग्नसराईत आठवडाभर घरी राहिलेली जुनी बाईसुद्धा पहिल्या दिवशी अर्ध्या वेळेवरच थांबवावी.

कोणी असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या खाऊ लागली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत निजवून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेवर, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीनं हा ताप उतरत नाही.

आणि या दिवसांत गुत्त्यानं, म्हणजे वेळेवर नव्हे तर झालेल्या कामावर पैसे ठरवून, काम देणं टाळा. सरीवर पैसे ठरले की पाण्यासाठी कोणी उठत नाही. द्यायचंच असेल तर न्याहारी आणि पाण्याच्या सुट्टीचा वेळ धरून दर वाढवून ठरवा, आणि सुट्टी मुकादमानं स्वतः हाक मारून सगळ्यांना एकदम द्यावी.