गावातलं फायबर, रेंगाळणारं नेट आणि घरातला 'जासूस': वर्षभराचा अनुभव

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी फायबर आलं त्याला आता वर्ष होईल. प्लॅन ५० एमबीपीएसचा, राउटर 'फुकट', म्हणजे डिपॉझिटवर. सुरुवातीचे महिने झकास गेले. पावसाळ्यानंतर मात्र सातबाऱ्याचं पानही उघडता उघडेना. त्यातच लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल चौकटी यायला लागल्या, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले'. घरात एकमत झालं की कोणीतरी जासूस घुसवला आणि तोच नेट खातो. महागडा अँटिव्हायरस घ्यायचं जवळपास ठरलंच होतं. घेतला नाही ते बरं झालं, कारण ही दुखणी दोन होती आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

वेगाचं आधी सांगतो. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकीच्यांचं वायफाय बंद ठेवा आणि मग स्पीड टेस्ट घ्या. (५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ६ एमबी डाउनलोड. यावरून आमच्याकडे उगाच भांडणं होतात.) केबलवर पूर्ण वेग मिळाला तर लाइन ठीक, दोष वायफायचा. आमच्याकडे केबलवरही वेग कधी ३०, कधी ४, मधेच सगळं गायब. म्हणजे दुखणं घराबाहेरचं.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर नावाचा एक उणे आकडा असतो, डीबीएममध्ये (उजेडाची ताकद मोजायचं माप). फायबरमधून किती उजेड घरापर्यंत पोचतो, ते तो सांगतो. साधारण उणे २७ च्या पलीकडे गेला की राउटर चाचपडायला लागतो. आमचा उणे २८ होता. कस्टमर केअरला हा आकडा सांगितला तरी उत्तर एकच, 'सर, राउटर बंद करून चालू करा.' शेवटी लाइनमनला गाठला. त्याने मीटर लावला, वर पाहिलं आणि हसला. 'भाऊ, जासूस-बिसूस काई नाई. वानरायनं वायर तानली.' वायर विजेच्या खांबांवरून आलेली, तिच्यावर वानरांचे झोके रोजचेच. त्या ताणाने ती टिनाच्या कडेला एका खिळ्याभोवती पार काटकोनात मुडपली होती. काचेचा तंतू असा मुडपला की उजेड वळणावरच बाहेर गळतो. त्याने तेवढा तुकडा कापला, नवं कनेक्टर लावलं आणि वायरीचा मोठा वेढा करून ती सैल बांधली. आकडा उणे २१ वर आला, वेग त्याच मिनिटाला पूर्ण.

राउटर लोखंडी आलमारीवर होता, तो ओसरीच्या दाराशी आणला. वायफायचे सिग्नल दोन, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. मातीच्या जाड भिंतीपलीकडे ५ वाला पोचतच नाही, मागच्या खोलीत २.४ च वापरा.

तरी लॅपटॉप चालू झाला की सगळ्यांचं नेट मंदावायचं. विंडोजमधल्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कचा टॅब उघडला तर वनड्राइव्ह (फाइली ऑनलाइन साठवणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप) लग्नाचे फोटो वर चढवत बसलेलं. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडही अडतं, कारण 'माल पोचला' ही पावती त्याच वाटेने परत जाते. वनड्राइव्हला वेगाची मर्यादा घालून दिली, प्रश्न मिटला.

आता लाल चौकटी. तो व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी सिनेमाच्या साइटवर 'अलाउ' दाबलं गेलं होतं, त्या साइटची ती जाहिरात. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, तिथून ती काढली. सोबत एक अनोळखी पीडीएफवालं एक्स्टेन्शनही (क्रोमला जोडलेलं छोटं जोड-ॲप) उडवलं. खात्रीसाठी विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवलं, काही सापडलं नाही. फुकटचं हे हत्यार घरच्या वापराला पुरेसं आहे असं माझं मत.

खरा जासूस निघाला मोठेबाबांच्या फोनमध्ये. गावच्या ग्रुपवर पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप टाकणारी) त्यांनी उघडली होती आणि त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी घेतली होती. ओटीपी चोरायला तेवढी पुरते. गंमत म्हणजे घरात सगळ्यात सुसाट नेट त्याच फोनचं! एसएमएस पळवायला लागतात काही केबी, त्याने नेट कशाला मंदावेल? फोनचं नेट तोडलं, ॲप काढलं, फोन रिसेट केला, बँकेत जाऊन यूपीआय थांबवलं. पैसे गेले नव्हते. गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, तो नंबर आता भिंतीवर लिहून ठेवला आहे.

बाकी कनेक्शनबद्दल: वीज गेली की राउटर बंद, म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्याच, उन्हाळ्यात त्याशिवाय भागत नाही. संध्याकाळी वेग थोडा पडतो, कारण एकाच लाइनवर बरीच घरं असतात, ते चालवून घेतो. कस्टमर केअरला पाचपैकी एक, लाइनमनला पाच. मुदत संपल्यावर वर्षाचा प्लॅन घेणार नाही, तीन-तीन महिन्यांचाच भरीन, आणि दर वेळी भरण्याआधी तो उणे आकडा पाहीन.