“लहान मुलं आहेत ना ताई, मग तळमजलाच देतो”

दिवाळीच्या सुट्टीसाठी कोकणात घर बघत असाल आणि बरोबर लहान मुलं असतील, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे २६,००१ रुपये गेले. ज्याने ते नेले, तो एकदाही उद्धट बोलला नाही, घाई केली नाही. उलट आमच्या मुलांची चौकशी आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त आपुलकीने करत होता. माझा खरा राग त्याच गोष्टीचा आहे.

थोरला दुसरीत, धाकटी तीन वर्षांची, शिवाय सासूबाई बरोबर. त्यांना जिने चढवत नाहीत. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीतल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून आधी ठाणे ते कुडाळ तिकिटं काढली आणि मग तारकर्लीत राहायची जागा शोधायला लागलो. चांगली घरगुती ठिकाणं नेहमीच्या पाहुण्यांनी आधीच धरलेली. तिकिटं हातात आहेत, जागा नाही, आणि मुलांनी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय, अशी किती घरं त्या दिवसांत असतात हे या टोळ्यांना पक्कं माहीत असतं. त्यांच्या जाहिराती बरोबर तेव्हाच दिसायला लागतात.

अशाच एका जाहिरातीच्या पानावर समुद्राला लागून कॉटेज, पुढे झोपाळा, माडांची रांग, असे फोटो होते. नकाशावर ठिकाण दिसत होतं, खाली भरपूर कौतुकाचे अभिप्राय होते. फोन केला. “लहान मुलं आहेत ना ताई, मग तळमजलाच देतो. आजींनाही बरं पडेल.” मी सासूबाईंचं नुकतंच बोलले होते, ते त्याने लगेच उचललं. धाकटीला मासे चालतात का, तिखट किती खाते, की वरण-भात वेगळा लावू, सकाळी घावणे आवडतील की पोहे, सगळं विचारून घेतलं. “कुडाळला गाडी पाठवतो, रिक्षावाल्यांशी घासाघीस करत बसू नका.” वाऱ्यावर मुलं आजारी पडतात, म्हणून गरम पाण्याचं आपणहून सांगितलं.

मुलं बरोबर असली की आपण खोलीपेक्षा भरवसा शोधत असतो. जिना आहे का, दूध मिळेल का, जवळ डॉक्टर आहे का. आपल्या या प्रत्येक प्रश्नातून त्याला कळतं की आपली काळजी नेमकी कशाची आहे, आणि पुढच्या वाक्यात तो तीच मिटवतो. खरा घरमालक इतकं गोड बोलत नाही हो. तो सांगतो, “आमच्याकडे गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.”

एकूण २६,०००, निम्मे आगाऊ. यूपीआयवर नाव वेगळंच आलं. विचारलं, तर म्हणाला, “मामांचं खातं आहे, जागा त्यांच्या नावावर.” १३,००० पाठवल्यावर पाच मिनिटांत पावती आली. शिक्का, जीएसटी क्रमांक, मुलांची नावं आणि वयं, सगळं नीट. मग त्याचाच फोन. “ताई, हिशेबाच्या सिस्टीमला रक्कम जुळत नाही, शेवटी एक रुपया लागतो. १३,००१ टाका, आधीचे तेरा आपोआप परत येतील. नाहीतर खोली रात्री सुटेल, एक कुटुंब थांबलंय.” तेही गेले. त्यानंतर पुन्हा तोच प्रकार, या वेळी “परताव्याची फाइल उघडण्यासाठी” आणखी रक्कम. तिथे माझ्या नवऱ्याने फोन हातात घेतला आणि व्हिडिओ कॉल करून खोली दाखवा म्हटलं. “इथे रेंज नाही” म्हणाला. इतका वेळ व्हॉट्सॲपवर फोटो मात्र धडाधड येत होते.

त्यातला एक फोटो मी मोठा करून पाहिला. खाली लिहिलं होतं, “झोपाळ्यावर बसून समुद्रावरचा सूर्योदय अनुभवा.” तारकर्लीच्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे, तिथे सूर्य पाण्यात मावळतो. कोकणातला माणूस हे वाक्य लिहीलच कसं? फोटोवरून शोध घेतल्यावर तीच कॉटेज दुसऱ्याच राज्यातल्या एका रिसॉर्टची निघाली.

ऑफिसमधल्या मैत्रिणीचे मामा मालवणला असतात. ते स्वतः जाऊन आले. नकाशावरच्या जागी घर खरंच आहे, पण ते एका साध्या कुटुंबाचं. ते पाहुणे ठेवतात, पण नाव वेगळं, फोन वेगळा. त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नाही आणि तेही वैतागलेत. आदल्या दिवाळीत रात्री उशिरा एक कुटुंब अशीच पावती घेऊन दारात आलं होतं, कडेवर झोपलेलं बाळ. घर भरलेलं होतं, तरी बाईंनी त्यांना पडवीत गाद्या घालून दिल्या. हे ऐकल्यावर मी ठरवलं की आपण हे लिहायचं. आमचे पैसे गेले, पण निदान आम्ही घरी होतो.

आता जे कामाचं आहे ते सांगते. फसवणूक कळताच आधी १९३० ला फोन करा, मग बाकी सगळं. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. चोरांच्या खात्यातून पैसे पुढे फार वेगाने सरकतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. यूटीआर (म्हणजे व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. आम्ही त्याच संध्याकाळी फोन केला, त्यामुळे दुसरा हप्ता समोरच्या बँकेत गोठवला गेला. पहिला निघून गेला होता. गोठलेले पैसे अजून हातात आलेले नाहीत, त्याचा पाठपुरावा चालू आहे. आपल्या बँकेलाही लगेच लेखी कळवा, पण पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे तिथे हात वर केले जातात. म्हणून सगळा भर पैसे जाण्याआधीच्या तपासावर द्या.

जीएसटी क्रमांक दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. आमच्या पावतीवरचा क्रमांक खरा होता, पण एका हार्डवेअरच्या दुकानाचा. घरगुती निवासासाठी राज्याच्या पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. सगळ्यांकडे ते नसतं, पण ज्यांच्याकडे असतं ते आनंदाने पाठवतात. व्हिडिओ कॉलवर फक्त खोली नको, दारातून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगा. आणि पैसे परत मिळवायला आपल्याला कधीच काही पाठवावं, स्कॅन करावं किंवा पिन टाकावा लागत नाही. “आधीचे परत येतील, तेवढे आणखी टाका” हे कानावर पडताच फोन ठेवा.

कोणी म्हणेल, दोन पैसे जास्त देऊन मोठ्या ठिकाणी जावं. तिथेही हेच चालतं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथ आणि चारधामची हेलिकॉप्टर तिकिटं, यात्रेकरूंची गेस्टहाउस, सहलींची पॅकेजेस यांच्या बनावट वेबसाइटबद्दल जाहीर इशारा दिला होता. मार्ग तोच, पैसे भरले की पावती येत नाही किंवा खोटी येते आणि फोन बंद होतो.

आम्ही शेवटी गेलो. मैत्रिणीच्या मामांनी ओळखीतून एक खोली मिळवून दिली, समुद्रापासून जरा आत, पण तळमजल्यावर. तिथे पोहोचल्यावरच पैसे रोख दिले.

त्या जाहिरातीच्या पानाची तक्रार केल्यावर ते बंद झालं. परवा तेच झोपाळ्याचे फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा दिसले, या वेळी दापोलीचं ठिकाण म्हणून, “नाताळच्या सुट्टीत लहान मुलांच्या कुटुंबांना खास सवलत” असं लिहून. मी पुन्हा तक्रार केली आहे. तुम्हाला दिसलं तर तुम्हीही करा, आणि घरच्या ग्रुपवर कोणी ते पान पाठवलं असेल तर त्यांना आजच फोन करून सांगा.