पायरी किती उंच? गूगल मॅप्स, व्हीलमॅप की सुगम्य भारत

आईला व्हीलचेअरवरून बाहेर जेवायला न्यायचं ठरलं की आमच्याकडे आधी पायरीची चर्चा होते, मेन्यूची नंतर. त्यासाठी फोनवर तीन गोष्टी वापरून झाल्या. नेमकं काय वापरावं असं बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहितोय.

आज संध्याकाळीच कुठे जायचं असेल तर गूगल मॅप्स. सगळ्यात जास्त ठिकाणं तिथे सापडतात. प्रवेशद्वार, स्वच्छतागृह, पार्किंग, बसायची जागा यांची नोंद वेगवेगळी असते, आणि ते बरंच आहे. दार सपाट पण स्वच्छतागृह जिना चढून, अशी हॉटेलं आपल्याकडे कमी नाहीत. गोम अशी, की ही माहिती मालक स्वतः भरू शकतो किंवा कुणीही येणारा-जाणारा. ‘एकच तर पायरी आहे, आमची पोरं उचलतील’ असं म्हणणाऱ्या मालकाला आपलं हॉटेल सोयीचंच वाटतं. आम्ही एकदा अशा नोंदीवर विसंबून गेलो, तर समोर दोन पायऱ्या आणि मदतीला धावत आलेले दोन वेटर. खुर्चीसकट उचललेलं आईला मुळीच आवडत नाही. तेव्हापासून मी नोंद कमी आणि लोकांनी टाकलेले फोटो जास्त बघतो. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत मागे दार दिसतंच.

व्हीलमॅप म्हणजे व्हीलचेअर कुठे जाऊ शकते ते रंगांनी दाखवणारा नकाशा. त्याचं तसं नाही, तिथे मोजमाप ठरलेलं आहे. बर्लिनच्या ‘सोत्सिआलहेल्डन’ संस्थेने तो २०१० मध्ये सुरू केला. संस्थापकांपैकी राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात, आणि ते जाणवतं. हिरवा म्हणजे आत जायला पायरीच नाही. पिवळा म्हणजे दाराशी फार तर एक पायरी, तीही ७ सेंटीमीटरपर्यंत, साधारण चार बोटं. लाल म्हणजे जमणार नाही. स्वच्छतागृहाची खूण वेगळी. मग मी तोच का सुचवत नाही? करड्या रंगामुळे. करडा म्हणजे अजून कुणी नोंदच केलेली नाही, आणि आमच्या भागात करडंच जास्त. पण ते करडं आपण स्वतः मिनिटभरात बदलू शकतो. पाया ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा, असल्यामुळे भरलेली माहिती एका कंपनीच्या कुलपात अडकत नाही. आठवड्याला दोन दुकानं भरायची तयारी असेल तर जरूर घ्या. नुसतं शोधायचं असेल तर हिरमोड होईल.

सुगम्य भारत अ‍ॅपकडून जागा शोधायची अपेक्षा ठेवू नका. मार्च २०२१ मध्ये हे सरकारी अ‍ॅप आलं ते प्रामुख्याने तक्रारीसाठी, मराठीतही चालतं. सरकारी कचेरीला रॅम्प नसेल तर फोटो काढून, ठिकाण नोंदवून तक्रार करता येते. पोटात कावळे ओरडत असताना ते उघडण्यात अर्थ नाही.

रॅम्प ‘आहे’ असं दिसलं तरी उतार बघा. एकास बारा हे प्रमाण धरलं तर १५ सेंटीमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांब रॅम्प लागतो. दारात टेकवलेली दोन फुटी फळी म्हणजे घसरगुंडी.

आमच्या घरी सध्या गूगलवर शोधायचं, फोटो बघायचे आणि मग फोन करायचा, असं चालतं. फोनवर ‘व्हीलचेअर येते का?’ असं विचारत नाही, त्यावर सगळे ‘हो हो, या ना’ म्हणतात. ‘रस्त्यापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती?’ असं विचारलं की पलीकडचा माणूस फोन धरून मोजायला जातो.