फोर्टमधलं भाषांतराचं ऑफिस: चार स्टार

बाबा 1957 ते 59 अमेरिकेतल्या युटा राज्यात लोगनला शेतकी कॉलेजात शिकायला होते, पुढे पोटाच्या कॅन्सरने गेले. शेजारच्या नेवाडात 1951 ते 62 उघड्यावर अणुचाचण्या व्हायच्या, धूळ वाऱ्याने युटावर यायची. त्या धुळीच्या भागात राहून कॅन्सर झालेल्यांसाठी अमेरिकेचा 1990 चा भरपाई कायदा आहे पण त्यात युटाचे मोजकेच जिल्हे होते, लोगन नव्हतं. 2024 ला कायद्याची मुदतच संपली, मग जुलै 2025 मध्ये परत आणला तेव्हा अख्खं युटा घेतलं आणि रक्कम 50 हजारांची 1 लाख डॉलर केली. आईही नाही आता, म्हणजे हक्क मुलांचा, सारखा वाटून.

अर्ज करून द्यायला एका एजंटने भरपाईतले सरळ 30 टक्के मागितले. अरे पहिल्या अर्जाला वकिलालासुद्धा 2 टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, कायद्यातच लिहिलंय! धुळीमुळेच कॅन्सर झाला हेही सिद्ध करायचं नसतं, त्या काळात तिथे वर्षभर राहिल्याचा पुरावा आणि यादीतल्या कॅन्सरचा रिपोर्ट लागतो. कॉलेजची मार्कशीट आणि बायोप्सीचा कागद बाबांच्या ट्रंकेत होते, नशीब.

अडलं ते नात्याच्या पुराव्यावर. माझा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, सगळा मराठीत, आणि ताईचं लग्नानंतर नाव आडनाव दोन्ही बदललेलं. या ऑफिसातल्या काकांनी भाषांतराला हात लावायच्या आधी सगळे कागद टेबलावर मांडले आणि बाबांचं नाव तीन ठिकाणी तीन स्पेलिंगमध्ये आहे हे दाखवलं, एका ठिकाणी तर आजोबांचं नाव गायबच. म्हणाले, "ताईंचा लग्नाचा दाखला जोडा आणि नावांचं अ‍ॅफिडेव्हिट करा, नाहीतर तिकडचा माणूस म्हणेल ही तीन वेगळी माणसं." शिक्क्यापर्यंत वाचून भाषांतर केलं, पुसट अक्षरं "वाचता येत नाही" अशी लिहिली, मनाचं काही घातलं नाही. हे मला फार आवडलं.

एक स्टार कापला कारण जिना भयंकर आहे (ताईचे गुडघे!), फक्त कॅश घेतात आणि फोन उचलत नाहीत. पानाला 600 म्हणजे स्वस्तही नाही पण परत कागद करावे लागले नाहीत.

अर्ज गेलाय, पैसे मिळतील तेव्हा मिळतील. शेवटची तारीख 31 डिसेंबर 2027 आहे, ज्यांच्या घरी असं कोणी होतं त्यांनी आधी ट्रंका उघडा. आणि हो, काकांकडे दीड ते अडीच जाऊ नका, जेवायला बसलेले असतात.