टामियाची १/२४ मर्सिडीज ३०० एसएल : आधी सांगाडा, मग झळाळी

मोटारींच्या प्रतिकृतींचे बहुतेक संच बॉडीच्या जोरावर विकले जातात. खोक्यावर देखणे चित्र असते, आत एकसंध बॉडी, चार चाके, आसने आणि खाली जवळजवळ सपाट चासी (गाडीचा खालचा सांगाडा) असते. इंजिन बहुधा नसतेच. अशा गाड्या मी बऱ्याच बांधल्या आहेत आणि त्यांचा आनंदही घेतला आहे. पण जपानमधल्या शिझुओका शहरातील टामिया कंपनीचा मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल हा संच बांधताना जे समाधान मिळाले ते निराळे होते, कारण मूळ गाडी जशी आहे तशी का आहे, हे या संचात बांधता बांधता हाताला कळत जाते. आषाढात आणलेला संच मी होळीच्या आसपास पुरा केला. पुढचे सगळे त्या आठ महिन्यांच्या अनुभवावरून लिहिते आहे.

मोजमापांपासून सुरुवात करते, कारण बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी आरेखनाचे काम करते आणि पट्टी हातात घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. १/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. अमेरिकी कंपन्यांचे पुष्कळ संच १/२५ चे असतात, जपानी कंपन्यांनी मात्र मोटारींसाठी १/२४ हेच प्रमाण रूढ केले. मूळ ३०० एसएल कूपेची (दोन दारांच्या, बंद छपराच्या गाडीची) लांबी ४५२० मिमी होती. तिला २४ ने भागले की १८८ मिमी येतात, आणि तयार प्रतिकृती मोजली तेव्हा आकडा जुळला.

ही गाडी १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९५७ पर्यंत तिच्या १४०० कूपे तयार झाल्या. पंखांसारखी वर उघडणारी दारे ही तिची ओळख. ती दारे केवळ शोभेसाठी आहेत असा पुष्कळांचा समज असतो आणि माझाही तसाच होता. संचातली चासी जुळवताना तो गेला.

या गाडीला नेहमीसारखी दोन तुळयांची चासी नाही. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून एक जाळे केले आहे आणि बॉडी त्याच्यावर नुसती पांघरलेली आहे. कारखान्याच्या शेडला जी लोखंडी कैची असते तिचाच हा प्रकार : त्रिकोणामुळे नळ्यांना वाक येत नाही, त्यांच्यावर फक्त ताण किंवा दाब येतो, आणि म्हणून थोड्या वजनात मोठी ताकद मिळते. पण अशा जाळ्याला उंची लागते. ते दोन्ही बाजूंनी, जिथे दाराचा खालचा अर्धा भाग असायला हवा, तिथूनच जाते. नेहमीचे दार बसवायचे तर जाळे कापावे लागेल, आणि जाळे कापले तर गाडीत ताकद उरणार नाही. मग दार वर न्यायचे आणि त्याची बिजागरी छपरात बसवायची, एवढाच मार्ग राहतो.

हे सगळे टामियाने प्लास्टिकच्या नळ्यांत उतरवले आहे. संचातले नळ्यांचे भाग नाजूक आहेत आणि स्प्रूवरून (सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) कापताना चांगली निप्पर, म्हणजे बारीक कातर-पक्कड, वापरली नाही तर नळी पांढरी पडून मोडते. मी प्रत्येक भाग आधी थोडा लांबून कापला, मग उरलेला कोंब धारदार पात्याने उतरवला आणि साच्याची बारीक रेघ खरवडून ८०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात घासायच्या पॉलिश पेपरने) पुसली. त्या रेघेकडे दुर्लक्ष करू नये. अर्धचकाकीचा काळा रंग बसला की ती उठून दिसते आणि गोल नळी चपटी वाटू लागते. या एका टप्प्याला मला तीन आठवडे लागले. हाच या संचाचा गाभा आहे, आणि जे लोक तो उरकून चकचकीत बॉडीकडे धाव घेतात त्यांच्या हातून संचाचा निम्मा आनंद निसटतो असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा अकरा वर्षांचा पुतण्या रविवारी दांडिया बाजारातून आमच्याकडे येतो. सांगाडा टेबलावर होता तेव्हा त्याने विचारले, “आत्या, याला दार कुठून?” मी काही न सांगता बॉडी वरून अलगद ठेवली. त्याने बाजूने डोकावून पाहिले आणि म्हणाला, “म्हणजे नळ्या आड येतात म्हणून वर उघडतं!” जोडणीचा क्रम लावणाऱ्याने हे ओळखूनच तो लावला असावा, असे मला वाटते.

इंजिनाचीही अशीच गोष्ट आहे. सरळ रांगेतले सहा सिलिंडर उभे ठेवले तर बॉनेट उंच होते, म्हणून मूळ गाडीत इंजिन ५० अंशांनी डावीकडे कलते केले आहे, आणि संचातही ते सांगाड्यात तसेच आडवे झोपते. २९९६ सीसीच्या या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. चार-स्ट्रोक इंजिनाच्या विक्रीसाठी बनवलेल्या मोटारीत ही सोय पहिल्यांदा याच गाडीत आली. ठोकळा बीडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असल्यामुळे मी दोघांना एकच चंदेरी रंग दिला नाही. बीडाला गडद करडा आणि हेडला फिका दिला, आणि तेवढ्यानेच इंजिन जिवंत दिसू लागले.

स्पार्क प्लगच्या वायरी मी स्वतः घातल्या. खऱ्या गाडीतली वायर सुमारे ७ मिमी जाडीची असते, म्हणजे १/२४ मध्ये ०.३ मिमी. एका निकामी इअरफोनच्या वायरीतले पदर मोजले तर ते नेमके तेवढेच भरले. हाताने फिरवायच्या ड्रिलने डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत ०.३ मिमीची भोके पाडायला एक अख्खी संध्याकाळ गेली, ड्रिलचे एक टोक तुटलेही. पण बॉनेट उघडल्यावर पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. वायर ०.५ मिमीची घातली असती तर खऱ्या गाडीत ती १२ मिमीची, पाण्याच्या नळीसारखी दिसली असती. बारीक काम करताना आधी भागाकार करावा, एवढेच नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगेन.

आता रंगाकडे येते, कारण बडोद्यात खरी परीक्षा तिथे होते. दाबाखालच्या ज्वलनशील डब्यांवर विमान वाहतुकीची बंधने असल्यामुळे कंपनीचे स्प्रे कॅन इथे सहज पोहोचत नाहीत, म्हणून एअरब्रश आणि बाटलीतला रंग हाच मार्ग राहतो. मी उतावीळपणाने श्रावणात, पावसाची उघडीप पाहून, बॉडीवर चंदेरी लॅकर (झटपट सुकणारा रंग) मारला. दहा मिनिटांत छपरावर दुधट पांढरा थर आला. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प त्यावर धरते. विश्वामित्रीला पूर येणाऱ्या दिवसांत इथल्या हवेत किती बाष्प असते ते बडोदेकरांना सांगायला नको. फिकट थर असेल तर सावकाश उडणाऱ्या थिनरची हलकी फवार मारून तो निघतो, पण माझ्या बॉडीवर धातूचे कणच डागांसारखे गोळा झाले होते. शेवटी बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवली, जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ केली आणि दिवाळीपर्यंत कपाटात ठेवून दिली.

दिवाळी ते उत्तरायण (मकरसंक्रांत) हा आपल्याकडे रंगकामाचा खरा हंगाम. हवा कोरडी असते आणि दुपारी गच्चीवर ऊबही मिळते. पतंग सुरू होण्याआधी मात्र काम आटोपावे, कारण त्यानंतर गच्ची आपली राहत नाही. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्यापूर्वी मी दारांच्या आणि बॉनेटच्या रेघा स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) किंचित खोल केल्या. खऱ्या गाडीतली फट ४ मिमी धरली तर इथे ती ०.१७ मिमी भरते, आणि रंगाचे चार जाड हात पडले की ती बुजून जाते. मोटारीच्या रंगाच्या दुकानातून चंदेरी रंग बनवून घेण्याचा मोह टाळावा, असे मी सुचवेन : त्यातले धातूचे कण खऱ्या गाडीच्या आकाराला शोभतात, इथे ते वाळूसारखे दिसतात. त्यासाठी प्रतिकृतींचाच बारीक कणांचा रंग हवा. हार्डनर घातलेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मात्र त्या दुकानातून आणलेला उत्तम चालला. त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते, म्हणून साध्या कापडी मुखपट्टीवर भागवू नये, फिल्टरचा मास्कच लावावा. आठवड्याने २००० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासून कंपाउंडने पॉलिश केले तेव्हा ट्यूबलाइटची कड छपरावर सरळ उमटली.

क्रोमबद्दल माझे मत नेहमीच्या सल्ल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे मी बंपरसमोर वाकून बराच वेळ उभी होते. खरे क्रोम सगळीकडे पांढरे चमकत नाही. वरच्या अंगाला आकाश दिसते, खालच्या अंगाला जमिनीची काळोखी, आणि दोहोंच्या मध्ये एक धारदार रेघ असते. संचातले क्रोमचे भाग इतके लहान असतात की ही काळोखी त्यांच्यात पुरेशी उतरत नाही. म्हणून बंपरच्या खालच्या वळणात आणि जाळीच्या खाचांत मी पातळ केलेला काळा इनॅमल सोडला आणि वरचा भाग कापसाच्या बोळ्याने पुसून घेतला. क्रोम काढून नव्याने चढवण्याची गरज मला भासली नाही.

बाकीच्या गोष्टींबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बोधचिन्हांसाठी दिलेले धातूचे पातळ ट्रान्सफर (चिकटवायची चिन्हे) सुरेख आहेत, फक्त ते एकदा चिकटले की हलत नाहीत. काचांना सुपरग्लू लावू नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. लाकडाचा पांढरा गोंद पुरतो. आसनांना मी चामड्याचा लाल रंग दिला.

सगळे मिळून संचाला पाच हजारांच्या थोडे वर पडले, आणि रंग, थिनर, निप्पर हे वेगळे. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मी तो मागवला त्याने खोके पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाठवले. एक कोपरा चेपला होता, पुढच्या बंपरवर ओरखडा होता, आणि तक्रारीला आठ दिवसांनी उत्तर आले की खोक्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यांची नाही. पाच हजारांची वस्तू विकणाऱ्याने पाच रुपयांचा पुठ्ठा वाचवावा याचा मला आजही राग येतो. मागवताना कडक पुठ्ठ्याच्या पेटीची अट लेखी घालावी आणि पार्सल उघडताना चित्रण करावे.

पहिलाच संच म्हणून हा घेऊ नये. इंजिन नसलेल्या दोन-तीन साध्या गाड्या बांधून, कापणे-घासणे हाताला बसले की जरूर घ्यावा. दारे उघडमीट होतात, पण रंगाच्या थरामुळे बिजागरी घट्ट होते, म्हणून जोडण्यापूर्वी तिच्या खाचेतला रंग पात्याने खरवडावा आणि दार कोरडेच चार-पाच वेळा बसवून पाहावे. माझे उजवे दार दोनदा अडले. तिसऱ्या खेपेला बिजागरीच्या टोकावरून कागदाच्या जाडीएवढे प्लास्टिक काढले तेव्हा ते वर गेले आणि तिथेच थांबले. आता काचेच्या पेटीत डावे दार मिटलेले आणि उजवे उघडे ठेवले आहे, म्हणजे खालच्या नळ्या दिसतात.