जिप्सीची सेकंडहँड थ्रॉटल बॉडी, दोन चकरा अन् साडेतीन स्टार

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा किती जाईल ते ठरवणारा पार्ट. पाचपैकी साडेतीन देऊन राहिलो. दीड काहून कापला ते खाली येईलच.

गाडी माझी २००४ ची जिप्सी किंग, एमपीएफआयवाली (म्हणजे कार्बोरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शन), १२९८ सीसी, जी१३बीबी इंजिन. राहतो चिमूर तालुक्यात, वावर नाल्याच्या पल्याड, अन् पावसात आमची काळी माती कशी धरते हे इकडच्या माणसाले सांगाची गरज नाही, मोटरसायकल तर सोडाच बैलबंडीही रुतते. यंदा जुलैत गाडीनं नाटक सुरू केलं. कधी आयडल (रेस न देता इंजिन ज्यावर फिरते तो आरपीएम) अठराशेवर जाऊन तिथंच अडकते, कधी रेस सोडली का डायरेक्ट बंद. फोर-लो (चारही चाकांले जोर, हळू गिअर) टाकून नाल्यातून हळूहळू काढाचं अन् मधातच इंजिन गप, पाणी अर्ध्या चाकाले. दोनदा झालं. दुसऱ्यांदा बाजूले बायको बसली होती, त्याबद्दल जास्त लिहत नाही.

मिस्त्रीनं आधी प्लग बदलले, मग फिल्टर, मग गाडीतल्या पेट्रोल पंपावर संशय (पैसे माझेच). शेवटी एक दिवस चालू गाडीत थ्रॉटलच्या शाफ्टजवळ कार्ब क्लीनरचा फवारा मारला तर आरपीएम लगेच बदलला. म्हणजे शाफ्ट बॉडीत जिथून जाते ते भोक घासून मोठं झालं होतं, बटरफ्लाय, म्हणजे त्या शाफ्टवर फिरणारी हवेची चकती, बंद असली तरी गाडी तिथून हवा चोरून राहिली होती. बोटानं हलवली तर शाफ्ट खटखट वाजे. हे साफसफाईनं जात नाही, बॉडीच बदला लागते. नवीन विचारली तर म्हणे ऑर्डर टाका, येईल तेव्हा येईल, अन् भाव ऐकून हातातला चहा तसाच राहिला.

मग नागपूर. कामठी रोडवरून आत गल्लीत एक कटिंगच्या गाड्यांचं दुकान हाय, नाव लिहलं असतं पण बोर्डच नाही, चाचा बसतात. एसटीनं गेलो, जुनी बॉडी खोलून पिशवीत घेऊन. हे सगळ्यात कामाचं, जुना पार्ट हातात असला का दुकानदारही टाइमपास करत नाही अन् तुम्हीही फसत नाही. चाचांनी आधी मारुती एस्टीम कारची काढली, म्हणे इंजिन तर तेच हाय. इंजिन तेच असन, पण केबलचं ब्रॅकेट अन् पाइपांची तोंडं माझ्यासारखी आहेत का नाहीत यावर मी शंभर किलोमीटर मागं येणार नव्हतो, जिप्सीचीच पायजे म्हटलं. मग आतून एक आणली, "मिलिट्री ऑक्शन की गाडी का है". जिप्सीचा पार्ट विकणारा हरेक माणूस हेच म्हणते, ते सोडून द्या.

पण माणसानं काउंटरवर सगळं पाहू दिलं हे मानलं पायजे. शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला, प्ले नाही. बटरफ्लाय उजेडासमोर धरून पाहिली, कडेनं सारखी बसते. स्टॉप स्क्रूवरचा कंपनीचा रंग जसाच्या तसा, म्हणजे कोणी पिळला नव्हता. कुलंटच्या दोन पाइपांची तोंडंही सडलेली नव्हती. (थंडीत थ्रॉटलमध्ये बर्फ धरू नये म्हणून तिथून गरम पाणी फिरवतात म्हणे, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ४७ डिग्रीत हे काय कामाचं देव जाणे.) पस्तीसशे म्हटलं, अठ्ठावीसशेत दिली, चेकिंग वॉरंटी ७ दिवस. बिल मागितलं तर हसले.

चूक माझी इथं झाली. मल्टिमीटर नेला होता पण सेल उतरलेला, म्हणून टीपीएस (बटरफ्लाय किती उघडली ते सांगणारा सेंसर) चेक न करताच घेतला.

बसवाले दोन घंटे लागले. पॅकिंग नवीन टाकली, जुनी पुन्हा लावू नका, तिथूनही हवा घेते. आयडलचा व्हॉल्व्ह माझाच चांगला होता, तोच धुऊन लावला. केबलले थोडी ढील ठेवली, कुलंट भरलं, बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं अन् अर्ध्या घंट्यानं जोडलं. सेल मारला, आयडल एकदम मस्त. पण रोडवर काढली तर पाव रेसवर झटका, दरवेळी त्याच जागी. नवा सेल टाकून टीपीएस मोजला तर बटरफ्लाय हळूहळू उघडताना आकडा सरळ वाढाले पायजे, तो मधातच उडी मारे. मग माझाच जुना सेंसर लावू म्हटलं, तर त्याचे स्क्रू गंजलेले, काढता काढता कान तुटला. त्या दिवशी घरी कोणी माझ्याशी बोललं नाही अन् बरंच झालं.

पाचव्या दिवशी पुन्हा एसटी. चाचा म्हणे, इलेक्ट्रिक पार्ट की वॉरंटी नहीं रहती. हे घेताना सांगाले पायजे होतं ना! अर्धा घंटा घासाघीस झाली, शेवटी दुसऱ्या बॉडीवरचा सेंसर चारशे रुपये घेऊन दिला, पण तिथंच मोजून, त्यांच्याच मल्टिमीटरवर. म्हणजे मीटर दुकानात होता, मी पहिल्यांदा मागितला नाही अन् त्यांनी दिला नाही. दीड स्टार याचाच. सेंसर काढाच्या आधी त्याच्या जागेची खूण करून ठेवजा, तिरपा बसला तर आयडल पुन्हा बोंबलते.

आता महिना झाला. आयडल साडेआठशेच्या आसपास, नाल्यात पाय उचलला तरी धडधड चालू. बायको अजून पायीच नाला ओलांडते, ते वेगळं.

चुलतभाऊ ताडोबाच्या कोलारा गेटवर सफारीची जिप्सी चालवते, १ ऑक्टोबरले गेट उघडाच्या आत त्याच्याही गाडीचा सेंसर पायजे, म्हणून येत्या सोमवारी पुन्हा चाचाकडे जाऊन राहिलो. यावेळी मीटरमध्ये नवा सेल हाय.